ऑल्डरकोमचा उत्तररंग

"गाढवावर बसणार का?"

अठ्ठावीस वर्षांनी भेटलेल्या माझ्या सख्ख्या भावानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

स्टेशनवर त्यानं माझी पिशवी हातातून काढून घेतली होती, पण बोलला काहीच नव्हता. उतारावरून खाली चालत आलो तर समोर वाळू, आणि वाळूवर खरोखरच सहा गाढवं रांगेनं उभी. गळ्यात घुंगरं, कपाळावर रंगीत पट्ट्या, पट्ट्यांवर नावं. त्यांच्या मागे नुसतं पांढरं धुकं. समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता.

"गाढवावर?" मी म्हटलं. "आपल्याकडे धिंड काढतात रे गाढवावरून."

"इथे हौसेनं बसतात. उतरवलं की पोरं भोकाड पसरतात."

"मग आधी तू बस. मोठ्याचा मान."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटायचा, तो तसाच मिटला, आणि मला इतका वेळ परका वाटणारा, टोपीवाला, पिकल्या मिशांचा तो माणूस एकदम आमचा त्र्यंबकदादा झाला. मी विमानात शंभर वेळा घोळवलेलं वाक्य तिथेच, गाढवांच्या साक्षीनं, बोलून टाकलं.

"दादा, अण्णांनी तुला बोलावलंय."

त्यानं टोपी काढली, तिच्यातलं दव झटकलं, पुन्हा घातली.

"चल," तो म्हणाला, "तुला पिअर दाखवतो."

ते साल एक्क्याण्णव. मी एक्केचाळीस वर्षांची होते. साताऱ्याकडच्या आमच्या आंबेघर गावी शाळेत गाणं शिकवायचे आणि कीर्तनाला पेटीची साथ करायचे. लग्न केलं नव्हतं. घरात अण्णा आणि मी. लंडनमधल्या मराठी मंडळींनी गणपतीत आमच्या आठवलेबुवांना कीर्तनाला बोलावलं, त्यांच्याबरोबर पेटीला म्हणून मी गेले. दहा दिवस कीर्तनं झाली, गणपती पाण्यात गेला, आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे मिळाले. त्यातला एक मी दादासाठी राखून ठेवला होता. खरं सांगायचं तर त्या एका दिवसासाठीच मी उरलेले दहा दिवस पेटी वाजवली. देवानं ते ओळखलं असणारच. पण सूर काही बिघडू दिला नाही त्यानं.

दादा राहायचा ते ऑल्डरकोम हे समुद्रकाठचं गाव. तिथे जो तो काहीतरी बघायला आलेला असतो. आपल्याकडे यात्रेच्या गावाला असते तशी त्या गावाला माणसांची सवय आहे. रस्ते, बाकं, खांबावरचे दिवे, सगळं कसं पाहुण्याची वाट बघत उभं असल्यासारखं. त्या दिवशी मात्र धुक्यानं पाहुणे घरीच बसवले होते.

पिअर म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला लाकडी पूल. तो कुठेच पोचत नाही. पाण्यावर जाऊन नुसता थांबतो. फळ्यांच्या फटींतून खाली हिरवं पाणी हलताना दिसत होतं. पुलाच्या टोकाला घोड्यांचा पाळणा गोल फिरत होता, त्यावर एकही माणूस नव्हता, आणि गाणं चालू होतं.

"हे कुणासाठी फिरतंय?" मी विचारलं.

"कुणी येईल म्हणून. बंद ठेवलं की घोडे गंजतात."

"आपल्या देवळात काय काय गंजलंय, ते येऊन बघ एकदा."

"कुमे, आरसे बघायचे का?"

आरशांची खोली होती तिथे. एका आरशात मी मडक्यासारखी, दुसऱ्यात काडीसारखी. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दादा हसवायचं ठरवूनच मला तिकडे घेऊन गेला होता, हे मला कळत होतं. मग तो एका अरुंद आरशासमोर गेला. त्यात तो उंच, किडकिडीत झाला, गाल आत गेले, आणि क्षणभर तिथे टोपी घातलेले अण्णा उभे होते. आम्ही दोघांनीही पाहिलं. तो मान खाली घालून बाहेर निघून गेला.

आता त्या कीर्तनाचं सांगायला हवं.

आमचे अण्णा, धुंडिराजबुवा निजसुरे, पंचक्रोशीत नावाजलेले कीर्तनकार. त्र्यंबकदादा त्यांचा शिष्य. आवाज असा की देवळाच्या घंटेनं आपोआप घुमावं. त्रेसष्ट सालच्या माघात, उत्सवात, दादाचं पहिलं कीर्तन लागलं. तो चोवीस वर्षांचा, मी तेरा वर्षांची, पेटीवर.

आमच्याकडच्या कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादं पद घेऊन त्याचा अर्थ उलगडतात, आणि उत्तररंगात गोष्ट सांगतात, तिला आख्यान म्हणतात. दोन्हींच्या मध्ये थोडी विश्रांती असते. तेव्हा लोक नामघोष करतात आणि बुवांना हार घालून, बुक्का लावून त्यांच्या पाया पडतात. बुवा वयानं लहान असले तरी म्हातारेकोतारेही पाया पडतात, कारण बुवा उभे असतात ती जागा नारदाची. तिला गादीच म्हणतात. तिच्यावर उभा असेतोवर माणूस कुणाचा मुलगा नसतो की कुणाचा भाचा नसतो.

दादाचा पूर्वरंग असा रंगला की बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. मग विश्रांती. हार पडले, लोक वाकले. शेवटी अण्णा आले. त्यांनी हार घातला, बुक्का लावला आणि दादाच्या पायांवर डोकं ठेवलं. ते उठून जागेवर जाऊन बसले. दादानं गळ्यातले हार काढून पेटीवर ठेवले, माझ्यासमोर. आणि गादीवरून उतरून मागच्या दारानं निघून गेला.

लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. तास झाला तरी नामघोष चालू होता. हळूहळू आवाज कमी होत गेले, मग एकटे अण्णाच टाळ वाजवत राहिले, आणि माझी बोटं पेटीवर. पहाटे माणसं पाठवली, तोवर दादा मुंबईच्या गाडीत बसला होता. चार महिन्यांनी विलायतेहून पत्र आलं, 'मी खुशाल आहे.' दर दिवाळीला तेवढंच एक.

त्या कीर्तनाची आरती झाली नाही. अपुऱ्या कीर्तनाची आरती करत नाहीत. आणि आरती झाली नाही म्हणून आमच्या देवळात पुढे दुसरं कीर्तन उभं राहिलं नाही. अण्णा आणखी वीस वर्षं गावोगाव कीर्तनं करत होते. आंबेघरात मात्र, "अजून पहिलं उठलं नाही," एवढंच म्हणायचे. आता ते शहाऐंशीचे होते. भिंत धरून चालत होते. आणि मला माझा भाऊ घरी न्यायचा होता. त्याच संध्याकाळी साडेसहाच्या लंडनच्या गाडीआधी त्याच्या तोंडून 'येतो' हा शब्द काढायचा होता.

दुपारी त्यानं मला छोट्या गावात नेलं. हीसुद्धा तिथली एक प्रेक्षणीय जागा. एका बागेत सगळं ऑल्डरकोम गुडघ्याएवढं करून मांडलेलं. गुडघ्याएवढी घरं, घोट्याएवढी दुकानं, बोटभर माणसं. धुकं गल्ल्यांतून वाहत होतं, आणि आम्ही राक्षसांसारखे छपरांवरून बघत हिंडत होतो.

त्या गावातली माणसं रंगवायचं काम दादाच्या बायकोचं, डोरीनचं. ती तिथेच एका ओट्यावर बसली होती. गोरीपान, जाडगेली, विरळ केसांची बाई. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "टिमनं मला तुझं खूप सांगितलंय. तू बाजाची पेटी वाजवतेस ना?"

"टिम?" मी दादाकडे पाहिलं.

"त्र्यंबक म्हणताना इथे लोकांचे दात पडतात," दादा म्हणाला आणि चहा आणायला गेला.

डोरीननं माझं बोट धरून मला गावाच्या चौकात नेलं. तिथे वाद्यवृंदासाठी असते तशी आठकोनी छत्री होती, तिच्याभोवती बोटभर इंग्रज माणसं खुर्च्या टाकून बसलेली. छत्रीखाली मात्र वाद्यवृंद नव्हता. एकच माणूस उभा होता. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, लाल पगडी, गळ्यात तांबूस ठिपक्यांचा हार. उजवा हात वर.

माझे पाय तिथेच थबकले.

"लोक विचारतात हा कोण," डोरीन म्हणाली. "मी सांगते, हा गाऊन गोष्ट सांगणारा माणूस आहे. दर वर्षी मी त्याला नवा रंग देते. टिम शेजारी बसून सांगतो, पगडी थोडी आणखी लाल. गोष्टीचं काय झालं ते मात्र सांगत नाही." मग तिनं आवाज उतरवला. "तू त्याला न्यायला आलीस, हो ना? पिअरवरून त्यानं फोन केला होता. आवाजावरून कळलं मला."

"वडील म्हातारे झालेत."

"ते खरंच." तिनं छत्रीवरचं दव बोटानं पुसलं. नंतर म्हणाली, "मला आता रंग नीट दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, दोनेक वर्षांत माणसंही दिसायची नाहीत. गेल्या वसंतात ही सगळी माणसं मी रंगवली, पण डबी कुठली उघडायची ते त्यानं सांगितलं. तुला अडवायचं म्हणून सांगत नाहीये. तुला ठाऊक असावं, एवढंच."

मी मान हलवली. तिला ती दिसली का नाही, कोण जाणे.

दादाची नोकरी कड्यावरच्या लिफ्टवर होती. गाव दोन मजली आहे, अर्धं खाली समुद्राकाठी, अर्धं वर कड्यावर. मध्ये दोन रूळ उभे टाकले आहेत. त्यांवर दोन डबे, एकाच दोराला बांधलेले. वरच्या डब्याच्या पोटातल्या टाकीत झऱ्याचं पाणी भरतात. तो जड झाला की खाली जातो, आणि त्याच्या वजनानं खालचा वर येतो. इंजिन नाही, धूर नाही. तळाला गेला की पाणी सोडून देतात. खाली रॉय नावाचा एक जण, वर दादा. दुपारनंतर त्याची पाळी होती. मी वरच्या खोलीत बाकावर बसले.

टाकी भरायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात आलेल्या माणसांना दादा गावाची गोष्ट सांगायचा. कड्यावरून रूळ टाकताना काय काय झालं, पहिल्या दिवशी डब्यात बसायला कुणी धजेना तेव्हा एक कोळीण कशी बसली. मी ऐकत होते. आधी शब्द ऐकले, मग शब्द सोडून दिले. तो दोन पावलं पुढे यायचा, दोन मागे जायचा. कोळिणीचं बोलणं डावीकडे तोंड करून, साहेबाचं उजवीकडे. हसू फुटलं की थांबायचा, हसू मावळायच्या आत पुढचं वाक्य टाकायचा. अण्णांची ढब होती ती! पायात बूट, तोंडात इंग्रजी, पण चाल गादीवरची. माझ्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप सूर धरायला लागली.

चार वाजायला आले. धुकं खिडकीला चिकटलं होतं. डबा खाली गेला, वर आला तो रिकामा. दादानं ब्रेकचं चाक घट्ट केलं, टाकीवरची तोटी सोडली, आणि माझ्या शेजारी येऊन बसला. पाणी पडत राहिलं.

"खरंच म्हणाले का अण्णा? ये म्हणून?"

"म्हणाले."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मग येतो."

मला वाटलं होतं, हा शब्द ऐकून मला रडू येईल. मला नुसती धाप लागली.

"मी एवढ्याचीच वाट बघत होतो, कुमे. त्यांनी एकदा ये म्हणावं. मी त्यांना फसवलं होतं. त्या दिवशी अंगरख्याच्या आत माझा पासपोर्ट होता. घामानं छातीला चिकटलेला. पहाटेची गाडी ठरलेली होती. मला वाटलं, कीर्तन करीन, आरती करीन, आणि मुकाट्यानं जाईन. अण्णा हार घेऊन आले. हार घालतील आणि मागे फिरतील असं वाटलं. विसरलोच होतो मी, तेही वाकणार. त्यांनी डोकं ठेवलं. त्यांचं टक्कल गरम होतं गं. माझ्या पायाला कळलं. आयुष्यात ज्यांच्यासमोर मान वर केली नाही, ते माझ्या पायाशी, आणि मी छातीशी पासपोर्ट धरून. पुढचा शब्द फुटेना. तोंड उघडलं असतं तर जीभ झडली असती."

दार ढकलून डोरीन आत आली. हातात चहाचा थर्मास. तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं असेल नसेल, पण खोलीतली शांतता तिला कळली.

"सांगितलंस?" तिनं दादाला विचारलं.

"जातोय मी," दादा म्हणाला.

"जा. जायलाच हवं. मी घेईन सांभाळून." तिनं हसून फळीवर कप मांडले आणि थर्मास वाकडा केला. चहाची धार कपाच्या बाहेर पडायला लागली. दादा माझ्याकडे बघत होता. तिच्याकडे न बघता त्याचा हात पुढे गेला आणि त्यानं कप धारेखाली सरकवला. पहिला कप भरला तसा त्यानं दुसरा सरकवला.

तिसरा कप भरेपर्यंत मी त्याचा हात बघत होते.

"दादा," मी म्हटलं, "अण्णांनी तुला बोलावलेलं नाही."

त्यानं हातातला कप फळीवर ठेवला.

"मी खोटं बोलले."

टाकी काठोकाठ भरून पाणी बाहेर वाहायला लागलं. तो उठला, तोटी बंद केली, पाठमोरा उभा राहिला.

"मग काय म्हणाले ते? काहीच नाही?"

"म्हणाले, त्याला ये म्हणू नकोस. तिथे त्याचं घर असेल, माणसं असतील. त्याला सांग, गादी काही देवळाच्या फरशीत पुरलेली नसते. जिथे उभा असशील तिथे उत्तररंग पुरा कर. मला नुसतं कळवा, म्हणजे मी इथे आरती करतो."

दादा वळला.

"आणखी एक," मी म्हटलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पासपोर्टचं त्यांना ठाऊक होतं. चौकशीला हवालदार घरी आला होता, तू तालुक्याला गेला होतास तेव्हा. मीच चहा नेऊन दिला त्याला. अण्णा त्याला म्हणाले, मुलगा निर्व्यसनी आहे, चांगला शेरा लिहा. आणि मला दम दिला, बोलायचं नाही, तो स्वतः सांगेल. रोज वाट बघत होते तू सांगशील म्हणून."

"ठाऊक असून पाया पडले?"

"मीही हेच विचारलं त्यांना, निघायच्या आदल्या दिवशी. म्हणाले, वाकलो तो गादीपुढे. पण खरं सांगू का, त्या दिवशी थोडा पोरापुढेही वाकलो. एवढ्या लांब निघाला होता."

दादा बाकावर बसला. चेहरा ओंजळीत धरून तो रडला, आवाज न करता. डोरीननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

मग तो उठला. रुमालानं तोंड पुसलं. खोलीच्या मधोमध जाऊन त्यानं बूट काढले, मोजे काढले. मला कळलं. डोरीनच्या गळ्यातला लोकरीचा पट्टा मी मागून घेतला आणि हार म्हणून त्याच्या गळ्यात घातला. जिथे थांबलं होतं तिथूनच उचलायचं होतं. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय थंडगार होते, पण त्यानं ते मागे घेतले नाहीत. डोरीननं मी काय केलं ते अंदाजानं ताडलं, गुडघे धरत खाली बसली, हात पुढे करून चाचपत त्याचे पाय शोधले, आणि कपाळ टेकलं.

तेवढ्यात खाली जायला म्हणून एक म्हातारं इंग्रज जोडपं दारात आलं. "लिफ्ट बंद आहे का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"थोडा वेळ बसा," दादा म्हणाला. "एक गोष्ट राहिलीय."

ती दोघं खरंच बसली. त्या गावात बसून काहीतरी बघायची सवयच असते लोकांना.

पेटी नव्हती, टाळ नव्हता. दादानं तोटी पुन्हा थोडी सोडली. भरलेल्या टाकीवर पाणी पडायला लागलं, आणि तो सूर धरून त्यानं तोंड उघडलं. आवाज पिकला होता, वरच्या पट्टीत फाटत होता. मी बाकावर बोटांनी ठेका धरला.

आख्यान अण्णांनीच रचलेलं होतं, देवळाचं अंगण झाडणाऱ्या गोदूचं. गोदू म्हातारी रोज पहाटे अंगण झाडते. झाडून होईपर्यंत लोक येतात, पानं पडतात, ती पुन्हा झाडायला लागते. उभ्या जन्मात गाभाऱ्यापर्यंत जायला तिला सवड मिळत नाही. एका सकाळी ती बघते तर तिनं नुकत्याच झाडलेल्या अंगणात ओल्या पावलांचे ठसे, गाभाऱ्याकडून बाहेर आलेले. गोदू भडकते. "कोण रे मेल्या! आत्ता झाडलंय ना मी? पाय पुसून यायला काय झालं तुला?" आणि देव खांबाआड उभा राहून, शिव्या खात, हसतो. तिला यायला जमत नव्हतं, म्हणून तोच आला होता.

दादा एक ओळ मराठीत गायचा आणि तीच इंग्रजीत बोलून सांगायचा, डोरीनसाठी. गोदूच्या शिव्यांना ती खळखळून हसली. म्हातारीनं म्हाताऱ्याला कोपर मारलं, "अगदी मी बोलते तसं!" आणि देव खांबाआड उभा राहिला त्या ओळीवर दादाचा आवाज फाटायचा थांबला. त्या धुक्याच्या खोलीत, अठ्ठावीस वर्षांनी, तो जसा होता तसा आला. मी डोळे मिटले. पुष्कळ बुवांना साथ केलीय मी, आजवर करतेय, पण देव खोलीत आल्याचं इतकं स्वच्छ पुन्हा कधी कळलं नाही.

अण्णांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला, गावी आमच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर. ते काठी टेकत देवळात गेले आणि भरदुपारी आरती केली. पुजारी विचारायला लागला, आज कसली आरती? अण्णा म्हणाले, "त्रेसष्ट सालच्या कीर्तनाची. आत्ताच उठलं." ते पुढे चार वर्षं होते.

पण माझं सांगायचं राहिलं आहे ते त्या संध्याकाळचं.

साडेसहाची गाडी लागली होती. दादा फलाटावर, माझ्या खिडकीशी उभा. धुकं जरा वर उचललं होतं आणि स्टेशनच्या पलीकडे पहिल्यांदाच मला समुद्र दिसला, राखाडी, संथ, केवढा तरी.

"एक विचारू?" दादा म्हणाला. "खोटं का बोललीस? तुझ्या स्वभावात नाही ते."

मी पिशवीचा बंद गुंडाळत राहिले.

"घरात मी एकटीच असते रे. अण्णा आहेत, पण ते दिवसभर जपात. संध्याकाळी शाळेतून आले की कुणाशी भांडावं असंही माणूस नाही. कंटाळले मी. अण्णांच्या नावावर मागितलं की तू नाही म्हणणार नाहीस, असं वाटलं."

गार्डनं शिट्टी दिली.

"वेडी आहेस तू," दादा म्हणाला. "एवढंच सकाळी सांगितलं असतंस, तर गाढवावर बसून आलो असतो."

"आता काय."

"आता म्हण की."

"काय म्हणू?"

"ये म्हण. तुझ्या नावानं म्हण. डोरीनला घेऊन महिनाभर येतो. पण तू म्हटलंस तर."

गाडीनं हलका धक्का दिला. एक्केचाळीस वर्षांत मी स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, देवाकडेसुद्धा. जीभ वळेना. तो गाडीबरोबर चालायला लागला, मग जरा पळायला, टोपी हातात धरून.

"दादा," मी खिडकीतून ओरडले, "ये!"